निळा म्हणजे कोणता निळा

छापलेला कागद हातात आला की ते आधी खुर्चीवरून उठायचे. कागद दोन बोटांनी कडेला धरून प्रेसच्या पायरीवर जायचे. थेट उन्हात नाही, छपराच्या सावलीत, पण दिवसाचा उजेड सरळ येईल अशा जागी. तिथं उभं राहून तो जवळ धरायचे, लांब धरायचे, तिरपा करायचे. आपण मागोमाग जाऊन "छान आलाय की निळा" असं काही बोललो, की मान वर न करता विचारायचे, "निळा म्हणजे कोणता निळा?"

पहिल्यांदा हे ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस आपली फिरकी घेतोय. मलाही तसंच वाटलं होतं.

लातूरच्या एका ऑफसेट प्रेसमध्ये ते कंप्युटरवर बसायचे. सगळे त्यांना पेंटर म्हणत, कारण मूळचे ते खरोखरच पेंटर. किल्लारीजवळच्या एका गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर मालकांची नावं, दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा, असलं सगळं ते हातानं रंगवत. भूकंपानंतर बेघर लोकांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या शेडवर नंबर टाकायचं कामही त्यांनीच केलं. "ज्यांची नावं ट्रॉलीवर लिहिली होती, त्यांचेच नंबर पत्र्यावर लिहिले," एवढंच ते त्याबद्दल बोलत. मग बायको आणि लहान मुलगी घेऊन लातूरला आले. प्रेसमध्ये अक्षरं काढायला लागले आणि वर्षा-दोन वर्षांत तिथं कंप्युटर आला. आता हा माणूस काय करणार, असं मालकांना वाटलं होतं. पेंटर तीन महिन्यांत कंप्युटर शिकले. "ब्रश सुटला, माऊस आला. डोळा तर त्योच हाय की," म्हणाले.

मी रसायनशास्त्राची शिक्षिका. ज्या वर्षांची ही गोष्ट, त्या वर्षांत तुम्ही लातूरला आला असाल तर आठवत असेल, प्रत्येक चौकात गुणवंत मुलांच्या चेहऱ्यांचे फलक, प्रत्येक गल्लीत वसतिगृह, आणि संध्याकाळी शिकवण्या सुटल्या की रस्ताभर सायकली. मीही कॉलेज सांभाळून एका मोठ्या क्लासमध्ये शिकवायला लागले होते. क्लासच्या संचालकांच्या मनात आलं, आपलं प्रॅक्टिकलचं पुस्तक रंगीत काढायचं. बाकी सगळ्यांच्या नोट्स काळ्या-पांढऱ्या होत्या. पुस्तक लिहायचं काम माझ्याकडं आलं.

मी सीडी आणि एक यादी घेऊन प्रेसमध्ये गेले. तांबे, निळा. निकेल, हिरवा. मँगनीज, जांभळा. पेंटरांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि परत माझ्या हातात दिली.

"हे तर शब्द हायेत, मॅडम. रंग कुठं हायेत?"

"सीडीत फोटो आहेत ना."

"कुणी काढलेत? कोणत्या उजेडात?"

ते मला माहीत नव्हतं. फोटो मी इंटरनेटवरून गोळा केले होते.

त्यांची खोली पाहण्यासारखी होती. चारी भिंती राखेच्या रंगाच्या. मालक तिला तुरुंग म्हणत. खिडकीला जाड पडदा, आणि कंप्युटरच्या स्क्रीनला काळ्या पुठ्ठ्याची झापड, घोड्याच्या डोळ्यांना लावतात तशी. सकाळी कंप्युटर चालू केला की अर्धा तास ते रंगाच्या कामाला हात लावत नसत. कुणी घाई केली तर म्हणत, "त्याला जागं तर होऊ द्या." दुसऱ्या दिवशी मी नारिंगी साडी नेसून गेले, तेव्हा ते बराच वेळ चुळबुळत राहिले आणि शेवटी जमिनीकडं बघत म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. उद्या येताना जरा फिक्कं काही नेसा. तुमची साडी माझ्या स्क्रीनवर पडून राहिली."

आधी मी ओशाळले, मग हसू आलं. नंतर प्रेसला जाताना मी नेहमी पांढरी किंवा करडी साडीच नेसत असे.

स्क्रीनवर दिसतो तो रंग कागदावर का येत नाही, हे मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "स्क्रीनचा रंग उजेडाचा, कागदाचा रंग शाईचा. उजेडात उजेड मिसळत गेलं की पांढरं होतंय. शाईत शाई मिसळत गेलं की काळं. दोघांचं गणितच उलटं हाय. मदी कुणीतरी बसून समजूत घालावी लागती." ही समजूत घालायला त्यांच्याकडं एक जाडजूड वही होती. तिच्यात प्रेसमधल्या प्रत्येक कागदावर आपल्याच मशीनवर छापलेले रंगांचे चौकोन चिकटवलेले, आणि प्रत्येक चौकोनाखाली निळी, गुलाबी, पिवळी, काळी या छपाईच्या चार शायांचे आकडे. चकचकीत कागदावर हा आकडा दिला तर असा लाल येतो, साध्या कागदावर तोच आकडा असा मळकट येतो. कागदाची नवी खेप आली की सगळे चौकोन पुन्हा छापायचे. स्क्रीनवर काहीही दिसो, ते वहीतला चौकोन बघून आकडा टाकत.

माझ्या यादीतल्या रंगांचे चौकोन मात्र वहीत नव्हते. "खरी वस्तू दाखवा. बघितल्याबिगर मी कसं छापू?" असं त्यांनी लावून धरलं. म्हणून एका दुपारी मी त्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. दारात चप्पल काढून ते आत आले. मी म्हटलं, इथं चप्पल घाला, खाली काचा असतात. तरी ते अनवाणीच फिरले.

मी एकेक परीक्षानळी तयार करून त्यांच्या हातात देत गेले. शेवटी टाकणखाराचे, म्हणजे बोरॅक्सचे, मणी केले. ज्यांनी हे कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तारेच्या टोकाला छोटा वेढा करायचा, त्यावर टाकणखार घेऊन ज्योतीत धरायचा. तो फुगतो, मग वितळतो आणि काचेसारखा स्वच्छ मणी तयार होतो. त्याला क्षाराचा एखादा कण लावून पुन्हा तापवला की मण्याला रंग चढतो. मँगनीजचा जांभळा, कोबाल्टचा निळा.

कोबाल्टचा मणी त्यांनी खिडकीकडं धरला, फिरवून फिरवून पाहिला. मग म्हणाले, "मॅडम, हे जमायचं न्हाई."

"का?"

"ह्याच्या आतून उजेड येऊन राहिला. कागदाच्या आतून उजेड येत न्हाई. आपल्या चार शायांत हा निळा बसत न्हाई. जवळ जाता येतंय, तितकंच."

जवळ जायला त्यांना पाच दिवस लागले. निळा गडद करायला गेलं की मॅजेंटा, म्हणजे गुलाबी, शाई वाढते आणि ती जरा जास्त झाली की रंग जांभळ्याकडं घसरतो. ते एकेक आकडा कमी करत, चौकोन छापत, वाळू देत, पायरीवर नेऊन प्रयोगशाळेतून आणलेल्या मण्याशेजारी धरत. ओल्या शाईवर ते कधी मत देत नसत. सहाव्या दिवशी म्हणाले, "ह्याच्यापुढं आपलं मशीन जात न्हाई. खाली एक ओळ टाका, खरा मणी ह्याहून तेजस्वी असतो म्हणून." मी ती ओळ टाकली.

आणि मग मी घोळ केला.

पुस्तक मशीनवर जायच्या आदल्या आठवड्यात पेंटर नात्यातल्या लग्नाला इस्लापूरकडं गेले होते. मी घरी शेवटच्या दुरुस्त्या करत बसले होते. माझ्या घरच्या कंप्युटरवर तो कोबाल्टचा चौकोन मला अगदीच मेलेला वाटला. वाटलं, एवढे दिवस घालवून हा असला निळा? मी तो जरा उजळ केला. स्क्रीनवर कसा झळाळून उठला! तीच फाईल प्रेसमध्ये दिली. नमुन्याचा कागद संध्याकाळी आला. मालक म्हणाले, पेंटर परवा येतील, थांबायचं का? पण नवी बॅच सोमवारी सुरू होणार होती. मी ट्यूबलाइटखाली कागद पाहिला, मला निळाच दिसला, आणि सही केली.

महिन्याभरानं वर्गात मणी परीक्षा शिकवत होते. पहिल्या बाकावर देवणीची एक मुलगी बसायची, हुशार, सगळ्यांच्या आधी उत्तर देणारी. तिला विचारलं, कोबाल्टचा मणी कोणत्या रंगाचा?

"जांभळा," ती म्हणाली.

"जांभळा मँगनीजचा. कोबाल्टचा निळा."

ती गोंधळली. तिनं पुस्तक उघडून माझ्यापुढं धरलं. "हे बघा ना, मॅडम. दोन्ही जांभळेच हायेत."

खिडकीतून सकाळचा उजेड पानावर पडला होता. दोन चौकोन शेजारी शेजारी, जणू एकाच शाईचे. माझा झळाळता निळा कागदावर येताना जांभळा होऊन बसला होता. मी म्हटलं, छपाईत चूक झाली आहे. पण मागून कुणीतरी म्हणालं, "पुस्तकात कशी चूक असंल?" आणि सगळा वर्ग पुस्तकाच्या बाजूनं झाला. त्यातल्या बहुतेकांनी प्रयोगशाळा पाहिलीच नव्हती. कॉलेजात नाव असायचं, हजेरी लागायची, मुलं दिवसभर क्लासमध्ये. माझ्या शब्दाविरुद्ध त्यांच्याकडं एकच पुरावा होता, आणि तो मीच सही करून दिलेला.

दुपारी मी पुस्तक घेऊन पेंटरांकडं गेले. काय केलं ते सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. ते पायरीवर गेले, पान पाहिलं, परत आले.

"किती पोरं हायेत?"

"सगळ्या बॅचेस मिळून दीड हजार तरी."

"मग चुकीच्या रंगावर चिकटवायला दीड हजार चिठ्ठ्या लागतील," म्हणाले.

त्यांनी चार शायांचा नाद सोडून दिला. काचेच्या तुकड्यावर निळी शाई काढली, सुरीनं घोटून त्यात दुसरी मिसळली, पूर्वी पाट्यांसाठी रंग करायचे तसाच हातानं रंग बनवला. त्या एका शाईत ताव छापले, वाळवले आणि बोटभर चौकोन कापले. माझ्या फाईलमधल्या रंगापेक्षा आणि त्यांच्या पहिल्या रंगापेक्षाही तो खऱ्या मण्याच्या जास्त जवळ होता.

संचालकांना हा सगळा फुकटचा खटाटोप वाटला. ते वाईट माणूस नव्हते, त्यांचं म्हणणं सरळ होतं. "परीक्षेत रंग विचारत नाहीत, पेंटर. रंगाचं नाव विचारतात. पर्यायात निळा असं लिहिलेलं असतं. मुलांनी निळा शब्द पाठ केला की झालं."

पेंटर म्हणाले, "साहेब, नुसता शब्दच पाहिजे तर रंगीत कशाला छापता? काळ्यात छापा. त्यात खोटं तरी न्हाई."

संचालकांनी मग मधल्या सुट्टीत चिठ्ठ्या वाटायला हॉल उघडून दिला.

तीन दिवस पेंटर हॉलच्या दाराशी टेबल टाकून बसले होते. मुलं रांगेनं येत, डिंक लावून चौकोन चिकटवत, पान त्यांना दाखवत. तिरका लागला असेल तर ते नीट करून देत. देवणीची ती मुलगी आली तेव्हा मी म्हटलं, हिच्यामुळं चूक सापडली. देवणी गाईंसाठी प्रसिद्ध, म्हणून पेंटरांनी तिला विचारलं, "तुझ्या गावची गाय कशी असती गं, रंगानं?"

ती खुलली. "एक पांढरीधोप असती. एक पांढरी, पण तोंडाच्या बाजूंनी काळी. आन एक काळे-पांढरे ठिपके असलेली. कातडी खालून काळीच असती."

"हे कुणी पाठ करून घेतलं तुझ्याकडून?"

"पाठ कशाला करावं लागतंय? रोज बघतोय की."

पेंटर माझ्याकडं बघून हसले. पुढच्या आठवड्यात मी बर्नर आणि तारा घेऊन क्लासमध्ये गेले. प्रत्येक बॅचला मणी करून दाखवले. त्यानंतर शिकवत होते तोवर दरवर्षी दाखवत राहिले. संचालकांनी त्यालाही नाही म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुलं संपली. टेबलावर उरलेले चौकोन गोळा करता करता मी म्हटलं, "माझ्या एका चुकीपायी तुम्हाला किती त्रास."

ते चौकोनांची थप्पी नीट करत राहिले. मग सांगायला लागले, हवामानाबद्दल सांगावं तसं.

"भूकंपात माझी आई गेली, मॅडम. मी औशाला गणपतीच्या मंडळाचं काम करायला गेलतो, म्हणून वाचलो. बायको लेकीला घेऊन माहेरी होती. मी गावात पोचेपर्यंत दुपार टळली होती. लई जणांना अग्नी देऊन झालता. थांबणार कुठं? एक माणूस वही घेऊन बसलाता. ज्यांचं नाव कुणी सांगितलं न्हाई, त्यांच्या अंगावर काय होतं ते त्यानं लिहून ठिवलंतं. बाई, वय साठ, लुगडं निळं. असं चार जागी लिहिलेलं. मी त्याला विचारलं, निळं म्हणजे कोणतं निळं?"

त्यांनी थप्पीतला एक चौकोन सरळ केला.

"तो बिचारा रडायलाच लागला. आदल्या रातीपासून झोपलेला नसंल. त्याची काय चूक? माझ्या आईचं लुगडं मी डोळे मिटून सांगितलं असतं. गडद, जरा हिरव्याकडं झुकलेलं, काठाजवळ विटलेलं. पण सांगणार कुणाला? मग मी चारी चितांपुढं हात जोडले."

त्यांनी थप्पीला रबर लावलं, ती खिशात ठेवली आणि सायकलवर बसून प्रेसला गेले.

त्या माणसाच्या वहीमुळं ते असे झाले, असं मी म्हणणार नाही. रंगाचं वेड त्यांना आधीपासूनच असणार, नाहीतर आईच्या लुगड्याचा रंग एवढा बारीक कुणाच्या लक्षात राहतो? पण मी मात्र त्या दिवसानंतर "निळा" हा शब्द एकटा वापरताना अडखळायला लागले.

बरीच वर्षं गेली. एकदा प्रेसवर गेले तर ते मालकांच्या टेबलाशी उभे होते. "आजपासून रंगावर माझी सही घेऊ नका," म्हणत होते. मालकांना काही कळेना. पेंटरांनी सांगितलं, राखाडी रंग जुळवताना डोळ्याला बरोबर दिसतंय, पण आकडे सांगतात निळं जास्त पडलंय. एकदा नाही, दहा दिवस असं होतंय. मालक म्हणाले, मशीन बिघडलं असेल. पेंटर म्हणाले, "मशीन न्हाई. माझा डोळा पिवळा झालाय. आकडा कशाला खोटं बोलंल?"

मोतीबिंदू निघाला. नांदेडला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेले तेव्हा ते अंथरुणावर बसून एकदा एक डोळा झाकत होते, एकदा दुसरा. लहान मुलासारखे रमले होते.

"ह्या डोळ्यानं तुमची साडी पांढरी हाय, मॅडम. आन ह्या डोळ्यानं बदामी. दोन कंप्युटर झालेत माझ्याकडं, अन दोघांचं जुळंना!" मग त्यांचा आवाज उतरला. "इतके दिवस मी कोणत्या डोळ्यानं सह्या केल्या?"

बरे झाल्यावर त्यांनी प्रेसमधलं मागच्या दोन वर्षांचं सगळं काम काढून नव्या डोळ्यानं पाहिलं. चार ठिकाणी चुकलो, असं मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, लोकांच्या लक्षातही आलं नसेल. ते म्हणाले, "न्हाई आलं. म्हणून तर जास्त लागतंय."

दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, पण तोवर प्रेसमध्ये फलक छापायचं मोठं मशीन आलं होतं आणि त्या कामाला एवढी बारीक नजर कुणी मागत नव्हतं. पेंटर गावी परतले, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात. आमचा क्लासही बदलला. नोट्स मुलांच्या मोबाईलवर जाऊ लागल्या. मी फोनवर त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे परत्येक पोराचा निळा येगळा!" आणि खोकला येईपर्यंत हसले. तेच आमचं शेवटचं बोलणं.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. एका रविवारी किल्लारीची बस पकडली, पुढं जीपनं गेले. घरी त्यांची बायको होती, आणि मुलगी माहेरी आलेली. मी चौकशी केली, त्यांनी सांगितलं. त्रास फारसा झाला नाही, दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत.

घराला नुकतंच नवं प्लॅस्टर झालं होतं. दर्शनी भिंतीवर, दाराच्या उजव्या बाजूला, हातभर उंचीचे तीन पट्टे रंगवलेले होते. बाकी भिंत कोरी.

मी त्याकडं बघतेय हे पाहून मुलगी म्हणाली, "अण्णांनी लावलेत. घराला रंग द्यायचा होता. दुकानातून कार्ड आणलं, त्यातले तीन काढले आन म्हणाले, आठ दिवस बघतो. सकाळी बघायचे, दुपारी बघायचे, दिवस कलला की बघायचे. रंगवायला माणूस येऊन दोनदा परत गेला." तिनं पदरानं डोळे पुसले आणि हसलीही. "तुम्ही तर त्यांच्याबरोबर काम केलंय, मॅडम. तुम्हीच सांगा, कोणता द्यावा?"

मी भिंतीजवळ गेले. फिका मोतिया रंग होता. खूप वेळ पाहिलं. मला तिन्ही पट्टे सारखेच दिसत होते.

तसं सांगायची मला लाज वाटली. पण त्यांची बायको दारातच उभी होती. ती म्हणाली, "राहू द्या तसंच. त्यांचं अजून ठरलं नव्हतं."